पडणारच आहात, तर उभे कशाला राहता?

मोहर्लीच्या गेटमधून सकाळच्या जिप्सी आत गेल्या की समोरच्या चहाटपरीवर गप्पा रंगतात. प्रत्येक विधानसभेच्या वेळी तिथे आम्हाला एकच प्रश्न ऐकावा लागतो. "भाऊ, पडाचंच आहे तं उभे कायले रायता? मतं फोडाले?" विचारणारा शत्रू नसतो. बरेचदा तो आपल्याच वस्तीतला, १६ ऑक्टोबरला चांद्याच्या दीक्षाभूमीवर आपल्याबरोबर येणारा असतो. म्हणून त्याला शिवी नको, उत्तर द्यायला हवे. आणि ते उत्तर इतिहासात आहे.

१९३७ पासून सुरुवात करू. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळांची ती पहिली निवडणूक. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. समोर काँग्रेस. भायखळा-परळच्या राखीव जागेवर काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध कोणाला उभे केले? पाळवणकर बाळूंना. देशभर नाव असलेला गोलंदाज, स्वतः अस्पृश्य समाजातला, कधीकाळी बाबासाहेबांनाही ज्याचा अभिमान वाटलेला माणूस. आमच्याच माणसाला आमच्याविरुद्ध उभे करण्याची युक्ती आजची नाही! निकाल लागला : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. फरक फक्त २,०२० मतांचा. मुंबईच्या गिरणगावात, प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या वाट्याला एवढीच आघाडी आली.

तरीही मुंबई प्रांतातल्या १५ राखीव जागांपैकी काँग्रेसला ४ च मिळाल्या. देशभरात मात्र अशा १५१ जागांपैकी ७८ तिने घेतल्या. मुंबईत वेगळे काय घडले? संघटना तर होतीच, पण मतदानाची पद्धतही होती. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येकाला. आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला होता. संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्य समाजाला आपली ताकद एका ठिकाणी एकवटता यावी, म्हणून बाबासाहेबांनी या पद्धतीचा आग्रह धरला होता. हे आपल्या पोरांनी पाठ करून ठेवावे. निवडणूक फक्त भाषणाने जिंकली जात नाही, नियम कोण ठरवतो यावरही ती ठरते.

पुरावा हवा? स्वातंत्र्यानंतर नियम बदलला. द्विसदस्य मतदारसंघ राहिले, दोन मतेही राहिली, पण दोन्ही एकालाच देण्याची मुभा गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेब काजरोळकरांकडून हरले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात बोरकरांकडून हरले. संविधानाचा शिल्पकार दोनदा पडला! भंडाऱ्यात काही कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेब निघतील. बाबासाहेबांनी नकार दिला. हरणे पत्करले, मत वाया घालवायला सांगितले नाही. "मतं फोडणारे" म्हणून आम्हाला हिणवणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा आठवावा.

आता मूळ प्रश्न. विरोधात बसून मिळते काय? स्वतंत्र मजूर पक्ष सत्तेत नव्हता. तरी सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते तसे कुणबीही होते. सरकारने विधेयक मंजूर होऊ दिले नाही. पण १९४९ मध्ये काँग्रेस सरकारलाच खोती निर्मूलनाचा कायदा करावा लागला. मूठभर आमदारांनी मांडलेला प्रश्न बारा वर्षांनी कायदा झाला. उभे राहण्याचा अर्थ हा असतो.

आणि त्या पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण सहकारी त्याच पक्षातून विधिमंडळात गेले.

ही वाट सोडली की काय होते, तेही पाहू. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने द्विभाषिक मुंबईच्या विधानसभेत १३ जागा जिंकल्या. १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या हाती उरल्या ३. समितीची एकी विरली होती, द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले होते. पण पक्षात फूट आम्हीच पाडली होती. तिचा दोष काँग्रेसवर ढकलून चालणार नाही.

मोहर्ली वरोरा मतदारसंघात येते. ही जागा खुली आहे. शेजारचे चंद्रपूर राखीव, पण तिथेही निकाल सर्वांच्या मतांवर ठरतो. म्हणजे दोन्हीकडे एकट्या आपल्या मतांवर कोणी निघणार नाही. मग गोंड, माना, ढिवर, कुणबी शेजाऱ्याकडे आम्ही काय घेऊन जातो? वाघाने मारलेल्या माणसाची भरपाई, तेंदूपत्त्याचा दर, मोहफूल वेचण्याचा हक्क, जिप्सीवाल्याची आणि गाईडची रोजी, जंगलातून उठवलेल्या जामणी-नवेगावच्या लोकांचे पुनर्वसन, २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार. हे या भागातले खोतीचे प्रश्न आहेत. यांवर आम्ही पाच वर्षे बोलतो, की अर्ज भरण्याच्या आठवड्यात?

हिशेब रोकडा आहे. मान्यता नसलेल्या पक्षाच्या वा अपक्ष उमेदवाराला त्याच मतदारसंघातले १० सूचक लागतात. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. ती वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांशाहून जास्त वाटा हवा. दहा सूचकांत दहाही आपल्याच वस्तीतले असतील, तर निकाल त्याच दिवशी कळला म्हणून समजा. त्यांत एक गोंड, एक ढिवर, एक कुणबी असेल, आणि तो सहीला मनाने आला असेल, तर पडूनही आपण काही कमावले.

टपरीवरच्या भावाला आमचे उत्तर एवढेच : पडण्याची लाज आम्हाला नाही. बाबासाहेबही पडले. लाज आहे ती निवडणुकीनंतर गावात न दिसण्याची. तुझा प्रश्न त्यासाठी असेल, तर तो शंभर टक्के खरा आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला ये, आम्ही तिथेच भेटू.

जयभीम!