दिनविशेष : २१ ऑगस्ट
शार्ल वानेल यांचा जन्म (१८९२)

मूकपटापासून रंगीत बोलपटापर्यंत सात दशकांहून अधिक काळ पडदा गाजवणारे फ्रेंच अभिनेते शार्ल वानेल यांचा जन्म रेन शहरात झाला. १९१२च्या सुमारास ते चित्रपटांत आले. बोलपट दाराशी येऊन ठेपला असताना, १९२९मध्ये त्यांनी ‘दां ला न्युई’ हा मूकपट दिग्दर्शित केला. अपघातात चेहरा विद्रूप झाल्याने मुखवटा घालून वावरणारा खाणकामगार त्यांनी स्वतःच साकारला. पण प्रेक्षक आवाजाकडे वळले होते आणि हा सुंदर चित्रपट मागे पडला.

आवाज आल्यावर अनेक मूकपट कलाकार मावळले. वानेल यांचा अभिनय मात्र अधिकच खुलला. १९३४च्या ‘ले मिझेराब्ल’मधील त्यांचा इन्स्पेक्टर जावेर करारी होता. १९५३च्या ‘ल सालेर द ला पर’मध्ये नायट्रोग्लिसरीनच्या ट्रकवर भीतीने खचत जाणारा ‘जो’ नावाचा माणूस त्यांनी जिवंत केला. तेलाच्या डबक्यात ट्रक त्याच्या पायावरून जातो, तो प्रसंग अंगावर काटा आणतो. कान महोत्सवात या भूमिकेची खास दखल घेतली गेली. १५ एप्रिल १९८९ रोजी, वयाच्या ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.