पैसे मोजलेली डीव्हीडी
आमच्या डीटीपीच्या दुकानात मराठी फाँटचं सॉफ्टवेअर परवान्याचं डोंगल लावल्याशिवाय उघडायचं नाही. एकदा डोंगल मोडलं आणि दिवाळी अंकाची पानं चार दिवस अडकली. म्हणून फ्लोरिडाची सायस्टार कंपनी मला आपली वाटली. 2008 मध्ये तिने 399 डॉलरपासून साधा पीसी काढला. हवी तर मॅकची प्रणाली चढवून, सोबत विकत घेतलेली डीव्हीडी. ॲपलचा परवाना मात्र म्हणे, फक्त ॲपलच्याच यंत्रावर. (याच ॲपलने 1995 पासून इतरांना मॅक बनवू दिले होते, स्टीव्ह जॉब्स परतले आणि 1997 मध्ये तो कारभार आटोपला.) सायस्टार एकाच मूळ प्रतीवरून सगळ्या यंत्रांत नकला उतरवत होती, ॲपलच्या खटल्यात न्यायाधीश अल्सप यांनी 2009 मध्ये तिला तिथेच पकडलं आणि अशा विक्रीला मनाई केली. कायद्याने ठीक असेल. पण विकत घेतलेलं पुस्तक कुठल्या खुर्चीत वाचायचं, हे सांगणारा प्रकाशक कोण? अपील न्यायालयाने 2011 मध्ये मनाई कायम ठेवली.