घड्याळाचे रूप कोणी बदलावे?

आमच्या कचेरीतील एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी एक मनगटी घड्याळ घेतले. त्याची किंमत मी येथे सांगत नाही; माझ्यासारख्या सरकारी नोकराच्या तोंडी ती शोभणार नाही. घड्याळ उत्तम होते, परंतु गृहस्थ मात्र खिन्न होते. १९५३ साली रोलेक्स कंपनीने पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी 'सबमरीनर' नावाचे एक घड्याळ काढले. त्याची तबकडी काळी, अंक व काटे अंधारात दिसणारे आणि तबकडीभोवती एक फिरते कडे. हे रूप थोड्याफार फरकाने आजवर टिकले. २०२० साली मात्र कंपनीने ४० मिलिमीटरचे घड्याळ ४१ मिलिमीटरचे केले. आमच्या स्नेह्यांनी म्हणून शोध करून मुद्दाम आधीच्या घडणीचे घड्याळ मिळवले, आणि तरीही "अभिजात वस्तूला हात लावण्याचा यांना अधिकार काय?" हा त्यांचा संताप शमला नव्हता.

एका मिलिमीटरपायी एवढा क्षोभ, म्हणून मी प्रथम हसलो. मागाहून वाटले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखाद्या कामासाठी घडवलेले साधन जुने होते, प्रतिष्ठित होते, पुढे पूज्यही होते. अशा साधनाचे रूप बदलावे काय? आणि बदलावयाचे तर ते कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीकराला स्वित्झर्लंडला जाण्याचे कारण नाही. पटेल चौकापासून चार पावलांवर, संसद मार्गाच्या कडेला, या नगरीतील सर्वांत मोठे घड्याळ उभे आहे. त्याचा परिसर आपण जंतर मंतर या नावाने ओळखतो. आज हे नाव उच्चारले की लोकांना आकाशातील ग्रहांपेक्षा मोर्चे आणि धरणी आधी आठवतात, हा कालमहिमा होय.

आमेरचा राजा सवाई जयसिंह याचा जन्म १६८८ चा आणि मृत्यू १७४३ चा. मराठ्यांच्या इतिहासात त्याची आपली गाठ पडते ती माळव्याच्या राजकारणात. परंतु या मुत्सद्द्याचे मन राजकारणापेक्षा आकाशात अधिक रमत असे. बादशहा महंमदशहाच्या कारकीर्दीत, १७२४ च्या सुमारास, त्याने दिल्लीत वेधशाळा उभारली. पुढे जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा येथेही उभारल्या. त्याच्या पदरच्या पंडितांत जगन्नाथ सम्राट हे अग्रगण्य. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हणते. त्यांनी अरबीच्या द्वारे युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ 'सम्राट्सिद्धांत' या नावाने संस्कृतात आणला. ग्रीक विद्या अरबी वेष घेऊन आली आणि एका दाक्षिणात्याने तिला संस्कृत वस्त्र नेसवले, ही घटना आपल्या इतिहासात पुरेशी सांगितली जात नाही.

आता आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा. जयसिंहाने दिल्लीत प्रथम जी यंत्रे करवली, ती या दगडी इमारती नव्हेत. ती पितळेची होती आणि समरकंदच्या उलूघ बेगच्या परंपरेतील होती. उलूघ बेग हा पंधराव्या शतकातील विद्वान राजा. त्याच्या वेधशाळेचा नमुना म्हणजे त्या विद्येतील अभिजात नमुना. जयसिंहाने तो मोडला. का मोडला, हे त्याने 'झीज-इ-मुहंमदशाही' या आपल्या फार्सी ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. पितळेची यंत्रे लहान, म्हणून त्यांवर कलांचे सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत; त्यांचे आस झिजतात व हलतात; वर्तुळांचे मध्य सरकतात आणि पातळ्या ढळतात. म्हणून त्याने दगड आणि चुना यांची स्थिर व प्रचंड यंत्रे स्वतः योजली. सम्राटयंत्र, जयप्रकाश आणि रामयंत्र ही ती होत.

येथे थोडे थांबावेसे वाटते. जुने रूप शेकडो वर्षे मान्य होते, थोरांच्या हातचे होते, शोभिवंतही होते. तरीही ज्याने ते डोळ्याशी लावले आणि ज्याला त्याची चूक सापडली, त्याने ते बदलले. नवेपणाची हौस हे त्याचे कारण नव्हते. मापाची तक्रार हे होते.

दिल्लीचे सम्राटयंत्र पाहा. त्याची उंची सुमारे ६८ फूट आहे. मधली तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर. म्हणजे दिल्लीच्या अक्षांशाइतकी, सुमारे २८ अंश ३७ कलांनी चढती. दोन्ही बाजूंना वर्तुळाच्या चतुर्थांशाच्या कमानी. सकाळी भिंतीची छाया पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि माध्यान्हानंतर पूर्वेच्या. कमानीची त्रिज्या सुमारे ५० फूट, म्हणून छाया मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर सरकते. धीराने पाहिले तर ती चालताना दिसते. काळाची गती डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रसंग मी पहिल्यांदा अनुभवला तेव्हा माझ्या मनगटावरील घड्याळाची मला किंचित लाज वाटली.

रामयंत्राची योजना याहून चतुर आहे. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची व दिशा मोजण्याचे हे यंत्र. मापपट्ट्यांजवळ निरीक्षकाला उभे राहता यावे म्हणून त्या सहा सहा अंशांवर कापल्या आहेत आणि मधली जागा मोकळी सोडली आहे. मग त्या मोकळ्या जागेतील माप कोणी द्यावे? त्यासाठी शेजारी दुसरी तशीच इमारत आहे. पहिलीत जेथे पोकळी, तेथे दुसरीत पट्टी. दोन्ही मिळून एक यंत्र होते. उद्या एखाद्या सौंदर्यप्रेमी अभियंत्याने टापटीप म्हणून त्या फटी बुजवल्या, तर इमारत अधिक पूर्ण दिसेल आणि यंत्र मरेल.

जयसिंहाचे सारेच बरोबर ठरले असे मात्र नाही. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे. म्हणून यंत्र जितके मोठे, तितका छायेचा काठ धूसर होतो. सम्राटयंत्रावर ही धूसर पट्टी १४ सेंटिमीटरांच्या घरात जाते. ती ओलांडण्यासाठी दोऱ्याची किंवा काडीची युक्ती करावी लागते. शिवाय युरोपात तोवर लंबकाचे घड्याळ आणि दुर्बिणीची दृष्टी यांनी वेगळाच मार्ग धरला होता. जयसिंहाने फादर फिगेरेदो यांच्यासह पोर्तुगालला मंडळी पाठवली आणि द ला हीरची ज्योतिषकोष्टके आणवली. ती ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक त्याला आढळली, आणि ती युरोपीय यंत्रांच्या लहानपणामुळे असावी असा तर्क त्याने केला. जगाने पुढे लहान यंत्रांचाच मार्ग स्वीकारला. परंतु जयसिंहाचा मोठेपणा यात आहे की त्याने दुसऱ्याचे माप मागवून आपल्या मापाशी ताडून पाहिले. ज्याचा हेतू माप हा असतो, त्याची चूकही कधी तरी तपासता येते. ज्याचा हेतू केवळ शोभा असतो, त्याची चूक तपासण्याचे साधनच नसते.

जयसिंहानंतर या यंत्रांचे काय झाले, ही कथा उद्बोधक आहे. मथुरेची वेधशाळा आज नामशेष आहे. दिल्लीची डागडुजी १८५२ साली आणि पुन्हा १९१० च्या सुमारास जयपूर दरबाराकडून झाली. जयपूरची १९०१–०२ साली झाली. तीत गॅरेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा हात होता. 'उसने कहा था' या कथेने हिंदीत अमर झालेले हेच ते गुलेरी. उज्जैनची वेधशाळा १९२३ साली ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवली आणि ती गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाच्या हाती दिली. तेथून पुढे पंचांगोपयोगी ग्रहकोष्टके प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे उज्जैनची दुरुस्ती पाहुण्यांसाठी झाली नाही; वेध घेण्यासाठी झाली.

दुरुस्ती हा शब्द मोठा निरुपद्रवी वाटतो. परंतु सम्राटयंत्राच्या कमानीवरील एखादी खूण केवळ एक सेंटिमीटर इकडे तिकडे पडली, तर नऊ सेकंदांचा फरक होतो. गवंड्याला तो सेंटिमीटर दिसत नाही, सूर्याला दिसतो. दिल्लीच्या यंत्रांवरील अंशांच्या खुणा आज बऱ्याच जागी पुसट आहेत, भिंतींचा लाल रंग मात्र ठळक आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बोधचिन्हावर जंतर मंतरची आकृती झळकली. तेव्हा सगळ्या देशाने ते रूप ओळखले. ते वाचावयाचे कसे, हे किती जणांनी विचारले असेल?

आणि एक बदल असा की ज्यात यंत्राला कोणी स्पर्शही केला नाही. भोवतालचे शहर वाढले. १९८४ च्या सुमारास समोर पालिका केंद्राची उंच इमारत उभी राहिली, इतरही राहिल्या. सकाळ-संध्याकाळचा उतरता सूर्य त्यांच्या आड जातो. यंत्र जागच्या जागी आहे, पण त्याचे क्षितिज हरवले. घड्याळाची काच शाबूत ठेवून तिच्यावर हात ठेवावा, तसा हा प्रकार.

एका फेब्रुवारीच्या सकाळी मी मुलीला घेऊन तेथे गेलो होतो. छायेवरून अकरा वाजत होते, माझे घड्याळ अकरा पस्तीस दाखवत होते. शेजारचे एक सद्गृहस्थ आपल्या कुटुंबाला सांगत होते, "बिघडले आहे. आता हे सरकारने दुरुस्त करून नवी वेळ लावून द्यायला हवी." सूचना सद्भावनेची होती, आणि वरकरणी सयुक्तिकही. पण यंत्र बिघडले नव्हते. ते दिल्लीची वेळ सांगत होते; आपण चालतो ती वेळ ८२.५ अंश रेखांशाची. या अंतराची २१ मिनिटे. मुंबईकरांना हे नवे नाही; प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली मुंबईची वेळ त्यांनी १९५५ पर्यंत हट्टाने सांभाळली होती. उरलेली १४ मिनिटे सूर्याच्या स्वतःच्या अनियमित चालीची. फेब्रुवारीत तो घड्याळाच्या मागे रेंगाळतो आणि नोव्हेंबराच्या आरंभी १६ मिनिटे पुढे धावतो. हा फरक यंत्रावर नव्या खुणा कोरून काढता येणार नाही, कारण तो रोज बदलतो. त्यासाठी कागदाचे एक कोष्टक पुरते. उज्जैनीत तसे करतात. यंत्र तसेच राहू द्यावे आणि पाहणाऱ्याला शहाणे करावे, हा तो मार्ग.

माझ्या मते उत्तर हे आहे. साधनाचे रूप बदलण्याचा अधिकार ते वापरणाऱ्याचा आहे, आणि तोही मापासाठी. पाणबुड्याच्या घड्याळाचे ते फिरते कडे पूर्वी दोन्हीकडे फिरे. पुढे ते एकाच दिशेने फिरावे अशी योजना झाली. कारण खडकाला धक्का लागून कडे सरकले, तरी पाण्यातील काळ जास्त झाल्यासारखाच दिसावा, कमी नव्हे. चूक झाली तरी ती जीव वाचवणारी व्हावी. हा बदल जयसिंहाच्या जातीचा. एका मिलिमीटरचा बदल त्या जातीचा आहे काय, हे पाणबुड्याला विचारावे, आरशाला नव्हे.

आणि ज्या साधनाचा वापरच थांबला, त्याचे रूप बदलू नये. त्याला आधी वापरणारा मिळवून द्यावा. दिल्लीच्या नेहरू तारांगणाच्या संचालिका नंदिवाडा रत्नश्री यांनी नेमके हेच केले. २०२१ साली त्या निवर्तल्या. तोवर अनेक वर्षे त्या विद्यार्थ्यांना जंतर मंतरवर नेत आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष वेध घेववीत. खुणा पुन्हा आखाव्यात, पण त्या वेध घेऊन, ताडून आखाव्यात, या विचाराला त्यांच्यामुळे बळ मिळाले. पुरातत्त्वाची निगा आणि शाळकरी मुलाचा प्रश्न ही दोन्ही एकत्र आली, तरच ही यंत्रे जिवंत राहतील.

त्या सकाळी मुलीने छायेच्या धूसर काठावर एक दोरा धरला, त्याची बारीक सावली कमानीवर शोधली आणि वहीत वेळ टिपली. मग कोष्टकातील मिनिटे मिळवून माझ्या घड्याळाकडे पाहिले. फरक एका मिनिटाहून कमी होता. "बाबा," ती म्हणाली, "तुमचे घड्याळ बरोबर आहे." तीनशे वर्षांच्या त्या दगडाने माझ्या घड्याळाची परीक्षा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्नेह्यांना विचारले, "आपण या घड्याळासह पाण्यात किती खोल गेलात?" ते म्हणाले, "मला पोहता येत नाही." मग मिलिमीटरचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. पुढच्या रविवारी मात्र ते आमच्याबरोबर जंतर मंतरला येणार आहेत. दोरा मी नेणार आहे.