साध्य पुढच्या पानावर

सरांनी पान ४७चा फोटो पाठवला होता. तांबड्या पेनाने केलेला एक गोल आणि खाली एकच ओळ: "साध्य पुढच्या पानावर का गेलं?"

मराठी माध्यमात भूमिती शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष एका पानाच्या तळाला आणि साध्य पान उलटल्यावर, हे सरांच्या हिशेबात फळ्यावर अर्धी आकृती काढून वर्गातून निघून जाण्यासारखं आहे. मी माझ्या लॅपटॉपवर तेच प्रकरण उघडलं. माझ्याकडे पक्ष आणि साध्य एकाखाली एक, शहाण्यासारखे बसले होते. पान ४७च होतं. फाइलही तीच.

आम्ही पाच जण आहोत, सगळे सरांचे विद्यार्थी. दोघे पुण्यात, एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक जर्मनीत. सरांनी नोकरीच्या काळात भूमितीची स्वतः रचलेली उदाहरणं वह्यांमध्ये लिहून ठेवली आहेत. त्यांचं पुस्तक व्हावं म्हणून आम्ही रविवारी ती लाटेकमध्ये टाइप करतो. सर आता ७८ वर्षांचे आहेत. एका डोळ्याने कमी दिसतं, म्हणून प्रूफं फक्त सकाळच्या उन्हात वाचतात. दिवसाला चार पानं. त्यांतलं एक पान आमच्या चुकीमुळे दुसऱ्यांदा वाचावं लागलं, की मला झोप येत नाही.

शोध घेतल्यावर कारण लाजिरवाणं निघालं. पाच मशीनवर टेक लाइव्हच्या चार वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या होत्या. आणि आमची स्टाइल फाइल, जिच्यात पक्ष-साध्य-सिद्धतेच्या चौकटी, 'रेख'चं चिन्ह आणि गणितातले देवनागरी अंक हे सगळं आहे, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. "अंतिम", "अंतिम २", "हीच वापरा". साध्याला पक्षापासून तोडू नये ही सूचना "अंतिम २"मध्ये आली होती. नाशिकवाला "अंतिम"वरच होता.

यावर उपाय शोधताना मी टेकच्या इतिहासात शिरलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. कारण आमची अडचण आमची नव्हतीच. ती निदान चाळीस वर्षं जुनी आहे.

सुरुवात सगळ्यांना थोडीफार माहीत असते. १९७७ साली डोनाल्ड क्नूथ यांच्या हातात 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं आली. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर जुळवलेली होती, ही फोटोटाइपसेटिंगने. ती त्यांना इतकी कुरूप वाटली, की पुस्तक बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला बसले. १९७८च्या सबॅटिकलमध्ये काम उरकेल असा अंदाज होता. भाषा स्थिर व्हायला १९८९ उजाडलं. (आपल्या स्प्रिंटचे अंदाज चुकतात तेव्हा हे आठवायचं. मॅनेजरला मात्र सांगायचं नाही.)

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला प्रोग्रॅम लिहिण्याहूनही मोठं वाटतं. १९९० साली त्यांनी जाहीर केलं, की टेकमध्ये यापुढे नवं काही येणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीचा आकडा पायच्या किमतीकडे एक अंक सरकतो. सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे, आणि तोही २०२१ सालचा. क्नूथ यांच्या मृत्यूनंतर आवृत्तीचं नाव थेट पाय होईल आणि उरलेल्या चुका हेच टेकचं वर्तन मानलं जाईल, अशी व्यवस्था त्यांनी स्वतः करून ठेवली आहे.

इंजिन असं गोठवलं म्हणजे दस्तऐवज कायमचे सुरक्षित झाले, असं मला आधी वाटायचं. तसं होत नाही. इंजिन बदलत नाही, म्हणून लोकांना हवं ते सगळं बाहेर, पॅकेजांमध्ये लिहावं लागतं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात रचलेलं लाटेक हेसुद्धा टेकवर चढवलेला मॅक्रोंचा थरच. म्हणजे अस्थिरता नाहीशी झाली नाही, ती इंजिनातून उठून कपाटात गेली. मग कपाट कोण सांभाळणार?

सुरुवातीला ते टपाल सांभाळायचं. टेक चुंबकीय टेपवर भरून पाठवलं जायचं. मग नेटवर्क आलं आणि विद्यापीठांमध्ये संग्रह उभे राहिले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात एक होता, जर्मनीत श्टुटगार्टला एक, अमेरिकेत टेक्ससमधल्या सॅम ह्यूस्टन स्टेट युनिव्हर्सिटीत एक. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक माणूस, स्वतःचं काम सांभाळून, आलेल्या फाइली लावून ठेवायचा. आणि प्रत्येक संग्रहात एकाच पॅकेजच्या वेगवेगळ्या प्रती. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखंच, फक्त माणसं जास्त हुशार.

या माणसांनी एकत्र येऊन १९९२मध्ये एक सामाईक मांडणी ठरवली. जर्मनीतून रायनर श्योप्फ आणि योआखिम श्रोड, इंग्लंडमधून सेबॅस्टियन राट्झ, अमेरिकेतून जॉर्ज ग्रीनवेड. मांडणीचं मुख्य काम राट्झ यांचं, नाव ग्रीनवेड यांनी सुचवलेलं: कॉम्प्रिहेन्सिव्ह टेक आर्काइव्ह नेटवर्क, म्हणजे सीटॅन. १९९३मध्ये अ‍ॅस्टनलाच भरलेल्या युरोटेक परिषदेत त्याची अधिकृत घोषणा झाली. पर्लचं सीपॅन आणि आरचं क्रॅन ही नावं सीटॅनवरूनच आली. आपण रोज एनपीएम किंवा पिप वापरतो, त्यांच्या घराण्यात एक पूर्वज अक्षरजुळणीवाला आहे, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

पण सीटॅन म्हणजे कोठार. कोठारातून पोतं मिळतं, ताट नाही. ताट वाढायचं काम टेक लाइव्हने केलं. त्याची पहिली सीडी १९९६ची, संपादक पुन्हा सेबॅस्टियन राट्झ. आतली मांडणी थॉमस एसर यांच्या टीटेकवर आधारलेली होती. युनिक्स-लिनक्सवर वर्षानुवर्षं लोक टीटेकच वापरत. ते एसर एकटे चालवायचे. २००६मध्ये त्यांनी थांबत असल्याचं सांगितलं, आणि लिनक्सवाले हळूहळू टेक लाइव्हकडे वळले. हा प्रसंग मी पुन्हापुन्हा वाचला. एवढी माणसं अवलंबून असलेली गोष्ट एका माणसावर उभी होती. तो थांबला तेव्हा दुसरं ताट तयार होतं म्हणून कुणी उपाशी राहिलं नाही. २०१६मध्ये एनपीएमवरून अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड काढून टाकलं गेलं तेव्हा असं ताट नव्हतं. जगभरची बिल्डं काही तास लटकली.

मराठीपुरतं बोलायचं तर त्या ताटात आपली भाजी उशिरा आली, पण आली. १९९१मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये फ्रान्स वेल्टहाउस यांनी देवनागरीसाठी फॉन्ट आणि प्रीप्रोसेसर केला. रोमन अक्षरांत लिहायचं, आधी त्या प्रोग्रॅममधून काढायचं, मग टेकला द्यायचं. २००४मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं, आणि युनिकोड देवनागरी सरळ टाइप करता येऊ लागली. २००७च्या टेक लाइव्हमध्ये ते सामील झालं. आमच्या पुस्तकाचा फॉन्ट शोभिका. तो आयआयटी मुंबईत तयार झाला, त्यातली देवनागरी अक्षरं राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फॉन्टवर बेतलेली आहेत, आणि तो सीटॅनवर आहे. म्हणजे मिरजेतल्या एका वहीतलं प्रमेय छापायला लागणारं अक्षर मुंबईहून जगभरच्या आरशांवर जाऊन आमच्याकडे परत येतं.

२००८मध्ये टेक लाइव्हचा पाया नव्याने रचला गेला आणि टीएलएमजीआर हा पॅकेज मॅनेजर आला. कार्ल बेरी, नॉर्बर्ट प्राइनिंग आणि सहकाऱ्यांचं हे काम. त्याआधी वर्षाला एक डिस्क, मधे काही नाही. आता अपडेट नेटवरून, जवळजवळ रोज. सोय झाली, पण एक जुनी गोष्ट हातातून गेली. डिस्कच्या काळात एकाच वर्षाची डिस्क असलेल्या पाच माणसांचं पान ४७ सारखंच निघालं असतं. आता प्रत्येकाने शेवटचं अपडेट कधी केलं यावर पान ठरतं.

आता आमचं कपाट. टेक लाइव्हच्या मुख्य रिपॉझिटरीत काय जावं याचे नियम आहेत. परवाना मुक्त नसेल तर ते पॅकेज सीटॅनवर राहू शकतं, टेक लाइव्हमध्ये नाही. अशा उरलेल्यांसाठी टाको हूकवाटर यांनी २०१०च्या सुमारास टीएलकॉन्ट्रिब नावाची जोड-रिपॉझिटरी उघडली. पुढे ती प्राइनिंग यांनी चालवली. २०१२पासून टीएलएमजीआरला एकापेक्षा जास्त रिपॉझिटऱ्या एकाच वेळी समजू लागल्या. त्याच्या मॅन्युअलमध्ये या सोयीचं कारण देताना स्वतःच्या संस्थेच्या स्टाइल फाइलींचा उल्लेख आहे. ते वाचून मला कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटलं.

आत डोकावलं तर ही रिपॉझिटरी म्हणजे भयंकर साधी वस्तू निघाली. दोन फोल्डर. 'आर्काइव्ह'मध्ये प्रत्येक पॅकेजचे एक्सझेड गठ्ठे: चालवायच्या फाइली वेगळ्या, माहितीपत्रकं वेगळी, सोर्स वेगळा. 'टीएलपीकेजी'मध्ये एक टेक्स्ट फाइल, तीच डेटाबेस. एकेका पॅकेजचा एकेक परिच्छेद: नाव, प्रकार, रिव्हिजन, एका ओळीत वर्णन, कशावर अवलंबून, कुठल्या फाइली. दोन परिच्छेदांमध्ये एक कोरी ओळ. ना एसक्यूएल, ना सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम. कुठल्याही साध्या वेब होस्टिंगवर, अगदी पेनड्राइव्हवरसुद्धा ती चालते. गठ्ठे बांधायला टेक लाइव्हचीच पर्ल मॉड्यूल्स आहेत. पर्ल मी त्याआधी फक्त शिवी म्हणून ऐकली होती.

खरं तर स्टाइल फाइल प्रत्येकाच्या होम फोल्डरमधल्या टेक्सएमएफमध्ये टाकली असती तरी काम भागलं असतं. पण मग पाच प्रती, आणि आम्ही पुन्हा १९९१मध्ये.

पहिली ठेच पिनिंगची. रिपॉझिटरी जोडली, इन्स्टॉल म्हटलं, आणि उत्तर आलं की असं पॅकेजच नाही. दोन रात्री मी माझी डेटाबेस फाइल तपासत बसलो. ती बरोबर होती. रिपॉझिटऱ्या अनेक असल्या तरी टीएलएमजीआर फक्त मुख्य रिपॉझिटरीतूनच उचलतो. हे पॅकेज त्या दुसऱ्या जागेहून घे, असं नाव घेऊन सांगावं लागतं. आधी चीड आली. मग लक्षात आलं, की असं नसतं तर कुणाच्याही जोड-रिपॉझिटरीने लाटेकचा गाभाच बदलून टाकला असता. पाहुण्याला घरात घेतलं म्हणून तिजोरीची किल्ली देत नाहीत.

दुसरी ठेच माझी स्वतःची, आणि ती सरांना महागात पडली. टीएलएमजीआर तारीख बघत नाही, फाइलीच्या आतही बघत नाही, रिव्हिजनचा आकडा बघतो. मुख्य रिपॉझिटरीत तो सबव्हर्जनमधून येतो. आमच्याकडे तो मी हाताने लिहायचो. एका शनिवारी कोन-दुभाजकाच्या चिन्हातली चूक दुरुस्त केली, गठ्ठा बांधला, चढवला, आकडा वाढवायला विसरलो. चौघांनी अपडेट केलं, चौघांना उत्तर मिळालं की काही नवीन नाही. एकाने जुन्याच चिन्हांनी सोळा पानं छापून मिरजेला पाठवली. सरांनी ती चार दिवस वाचली, चोवीस ठिकाणी तेच चिन्ह सुधारलं आणि मला फोन केला.

"अरे, हे तू मागच्याच आठवड्यात दुरुस्त केलंस ना?"

"हो सर. म्हणजे माझ्याकडे केलं."

"तुझ्याकडे करून काय उपयोग? मी वाचतो ते कुठलं?"

त्या रात्री एक स्क्रिप्ट लिहिली. गठ्ठा बदलला आणि आकडा वाढला नाही, तर ती काहीच चढवू देत नाही.

उरला प्रश्न वर्षाचा. दर वसंतात नवं टेक लाइव्ह येतं, आणि मग जुन्या वर्षाचा टीएलएमजीआर नव्या रिपॉझिटरीतून अपडेट घ्यायला नकार देतो. जुनी वर्षं मात्र कुणी फेकत नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांचं ऐतिहासिक भांडार आहे, अगदी सुरुवातीच्या वर्षांपासूनचं. आम्ही पाचांनी एकच गोठवलेलं वर्ष निवडलं, जुनं सगळं पुसून तेच नव्याने बसवलं, मुख्य रिपॉझिटरी म्हणून भांडाराचा पत्ता दिला आणि जोडीला आमची. काही जीबी उतरवायला नाशिकवाल्याला एक अख्खा रविवार लागला. त्या दिवशी टाइपिंग शून्य. सरांना सांगितलं की आज कपाट लावतोय.

आता पाचही मशीनवर पान ४७ एकच आहे. साध्य पक्षाच्या खाली आहे. आमच्या पॅकेजची रिव्हिजन सध्या ३१, आणि वह्यांतली तीन प्रकरणं बाकी आहेत: वर्तुळ, समरूपता आणि सरांनी 'अवघड' एवढंच नाव दिलेलं एक. होस्टिंगचा पासवर्ड बंगळुरूवालीला आणि जर्मनीतल्याला देऊन ठेवला आहे. रिपॉझिटरीत एक रीडमी फाइल आहे, तिच्यात गठ्ठा कसा बांधायचा, आकडा कुठे वाढवायचा आणि मी फोन उचलला नाही तर काय करायचं, हे मराठीत लिहिलंय. परवा सरांनी विचारलं, ही फाइल पुस्तकात घालायची का. मी नाही म्हणालो. त्यांनी तरीही प्रिंट मागवली, आणि सातव्या ओळीत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून परत पाठवली.