घड्याळ कोणावर धरायचं?

आयटीत काम करणाऱ्या कुणाच्याही समोर 'मेट्रिक्स' हा शब्द नुसता उच्चारून बघा. टाइमशीट, युटिलायझेशन, व्हेलॉसिटी आणि वर्षाच्या शेवटी तो बेल कर्व्ह... मोजमाप म्हणजे आपल्या मानगुटीवर बसलेलं भूत, असंच आपल्याला वाटत आलंय. त्यात 'लीन' शब्द आला की अजूनच धडकी भरते, कारण साहेबलोक तो बऱ्याचदा माणसं कमी करायच्या आधी वापरतात. :-) पण या दोन्ही शब्दांचा इतिहास थोडा उकरून बघितला तर हाती वेगळंच काही लागतं.

सुरुवात भूतापासूनच करू. ऑगस्ट १९११. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वॉटरटाउन इथे लष्कराचा शस्त्र-कारखाना होता. फ्रेडरिक टेलरची 'शास्त्रीय व्यवस्थापन' पद्धत तिथे नव्याने आली होती. म्हणजे काय, तर एक जण हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराशेजारी उभा राहणार आणि त्याची एकेक हालचाल मोजणार. फाउंड्रीतल्या मोल्डरनी हे बघितलं आणि ते सरळ काम टाकून बाहेर पडले. संप आठवडाभरच चालला, पण प्रकरण थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं. टेलरची चौकशी समितीपुढे साक्ष झाली आणि १९१५ मध्ये लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यावर कायद्याने बंदी आली. थोडक्यात, मोजमापाचा राग हा आपल्या पिढीचा शोध नव्हे.

आता जपानमध्ये जाऊ. साकिची टोयोडा हा मागांचा संशोधक. १९२४ च्या त्याच्या स्वयंचलित मागाची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणलं जात नसे, आणि मागावर डोळे लावून बसायला माणूस लागत नसे. याच घराण्याच्या कापड कंपनीत १९३२ साली ताइची ओनो नोकरीला लागला आणि १९४३ मध्ये टोयोटाच्या मोटार कंपनीत आला. पुढे त्याने जी पद्धत घडवली तिच्यात हा 'थांबणारा माग' पुरेपूर उतरला. काही बिघडलं तर साध्या कामगाराने दोरी ओढायची आणि अख्खी लाइन थांबवायची! ओनोचं घड्याळही वेगळं होतं. ग्राहकाने ऑर्डर दिली तेव्हापासून पैसे हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, हे बघायचं आणि मधला फुकट गेलेला वेळ काढून टाकायचा. घड्याळ तेच, पण रोख बदलला.

या पद्धतीला 'लीन' हे नाव जपान्यांनी दिलेलं नाही, बरं का. ते १९८८ मध्ये जॉन क्राफसिक या अमेरिकी अभियंत्याच्या लेखातून आलं.

सॉफ्टवेअरमध्ये हा विचार नीट मांडला तो मेरी आणि टॉम पॉपेंडिक या दांपत्याने, २००३ च्या पुस्तकात. मेरीबाईंनी आधी थ्रीएमच्या व्हिडिओ टेपच्या कारखान्यात काम केलेलं, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुद्दा साधा आहे. कारखान्यात अर्धवट माल डोळ्यांना दिसतो, पाय ठेवायला जागा उरत नाही. आपल्याकडे तो दिसत नाही. लिहिलेलं पण न तपासलेलं कोड, मंजूर झालेली पण कुणी हात न लावलेली रिक्वायरमेंट, हे सगळं आपलं गोदामच.

आणि आता गोष्ट येते आपल्या शेजारी, हैदराबादला. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागातल्या काही अंतर्गत प्रणालींची देखभाल तिथली एक छोटी टीम करायची. तीन डेव्हलपर, तीन टेस्टर. मॅनेजर ड्रागोस दुमित्रिउ बसायचा रेडमंडला. विभागात या टीमची ख्याती सगळ्यात वाईट अशी! ८० हून अधिक विनंत्या रांगेत, एखादी पूर्ण व्हायला सरासरी पाच महिने, आणि तिमाहीला जेमतेम ११ कामं बाहेर पडायची. आता अशा टीमचं अप्रेझल काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा.

दुमित्रिउने डेव्हिड अँडरसनची मदत घेतली. दोघांनी माणसांऐवजी कामाचा रस्ता तपासला. गंमत अशी निघाली, की प्रत्येक नव्या विनंतीचा अंदाज ४८ तासांत द्यायचा असा नियम होता. त्यासाठी एक डेव्हलपर आणि एक टेस्टर हातातलं काम सोडून जवळजवळ एक दिवस घालवायचे. टीमची साधारण एक तृतीयांश ताकद अंदाज बांधण्यातच जायची. आणि अंदाज दिलेल्या बऱ्याच विनंत्या पुढे कधी केल्याच जात नसत!

मग केलं काय? अंदाज देणं बंद. एका वेळी हातात किती कामं घ्यायची याला मर्यादा. कुठलं काम आधी यावर महिन्याला भांडत बसण्याऐवजी आठवड्याला एक फोन, जागा रिकामी झाली असेल तर पुढचं काम कोणतं, एवढंच विचारायला. एका टेस्टरची जागा डेव्हलपरला दिली, म्हणजे चार आणि दोन. कोड कसा लिहायचा, याला हातही लावला नाही. पुढे टीममध्ये आणखी दोघे आले. वर्षभरात तिमाहीची कामं ५० च्या वर गेली आणि पाच महिन्यांचे सरासरी १४ दिवस झाले.

यात जादू नाही, गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की हातातली कामं भागिले कामं संपण्याचा वेग म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. हातात २० कामं आणि आठवड्याला ५ संपतात, तर ४ आठवडे लागणारच. तोच वेग ठेवून हातात १० च ठेवा, २ आठवडे लागतील. कुणीही जास्त वेळ बसायची गरज नाही. उलट, सगळ्यांना १०० टक्के कामात गुंतवलं की काय होतं ते हिंजवडीला जाणाऱ्यांना समजावून सांगायला नको. संध्याकाळी तो रस्ता पूर्ण 'युटिलाइज्ड' असतो, फक्त गाड्या हलत नाहीत.

मोजमापावर आंधळी श्रद्धाही नको. टॉम डीमार्को यांनी १९८२ च्या पुस्तकात, जे मोजता येत नाही ते ताब्यात ठेवता येत नाही, अशा अर्थाचा सिद्धांत मांडला होता आणि तो सगळ्यांनी डोक्यावर घेतला. त्यांनीच २००९ मध्ये लेख लिहून त्यावर प्रश्नचिन्ह लावलं. आकडा माणसाच्या पगाराला बांधला की माणूस आकडा सांभाळतो, काम नाही. डोळ्यासमोर उदाहरणं आहेतच.

असो. तुमच्या टीममध्ये एक गोष्ट करून बघता येईल. प्रत्येक कामावर दोनच तारखा लिहा: कुणी मागितलं तो दिवस, आणि मागणाऱ्याच्या हातात पडलं तो दिवस. नावं लिहू नका. महिन्याभराने बघा, मधले दिवस कुठे गेले. बहुतेक दिवस कुणीतरी कुणाची तरी वाट बघण्यात गेलेले दिसतील. हैदराबादच्या त्या सहा जणांवर स्टॉपवॉच धरलं असतं, तर दोघा-तिघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, आणि कामाला पाच महिने लागतच राहिले असते.