लोस रोदेओसचे धुके आणि भाषा : एका द्वीपस्थ विमानतळावरील अपघातांचा इतिहास (१९६५–१९८०)

१. प्रास्ताविक

विमान-अपघातांचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक उपविभाग म्हणून लिहिला जातो. यंत्र, हवामान आणि मानवी चूक या तीन कारणांच्या चौकटीत अपघात बसवले जातात. परंतु काही अपघात असे आहेत की, त्यांचा निर्णय अखेर एखाद्या वाक्याच्या अर्थावर येऊन थांबतो. अटलांटिक महासागरातील कॅनरी द्वीपसमूहापैकी तेनेरिफे या बेटावरील लोस रोदेओस विमानतळाचा इतिहास या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतो. १९६५, १९७२, १९७७ आणि १९८० या वर्षी तेथे वा त्याच्या परिसरात घडलेल्या चार मोठ्या अपघातांत मिळून ९१४ माणसे मृत्यू पावली. यांपैकी पहिल्या दोन अपघातांची कहाणी प्रामुख्याने धुक्याची आहे. नंतरच्या दोहोंत धुक्याच्या जोडीला भाषा येते. एका भाषेत विचार करणारी माणसे दुसऱ्या भाषेत बोलतात तेव्हा अर्थाचे काय होते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा नित्याचा प्रश्न आहे. या विमानतळावर त्या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या प्राणांनी चुकते करावे लागले.

२. स्थळ

लोस रोदेओस हे ला लागुना या जुन्या राजधानीच्या नगराजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर वसलेले पठार आहे. एका बाजूला अनागाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला तेइदे ज्वालामुखीकडे चढत जाणारा उंच प्रदेश, यांच्यामधील खिंडीसारखी ही जागा आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरील बाष्प घेऊन या खिंडीत शिरतात आणि नेमक्या या उंचीवर ढगांचा थर साचतो. त्यामुळे इतरत्र ज्याला धुके म्हणतात ते येथे वस्तुतः जमिनीवरून सरकणारे ढग असतात. ते थोड्याच मिनिटांत येतात, विरतात आणि पुन्हा येतात. धावपट्टीच्या एका टोकाला लख्ख दिसत असताना दुसरे टोक अदृश्य असणे, हा तेथील सामान्य अनुभव होय.

१९२९ साली बर्लिनहून आलेले एक जर्मन विमान या अपुऱ्या तयार झालेल्या मैदानावर उतरले आणि बेटाच्या हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. पुढे साठच्या दशकात उत्तर युरोपातील मध्यमवर्गाला हिवाळ्यात ऊन विकत घेणे परवडू लागले. जर्मनी, हॉलंड आणि इंग्लंड येथून भाड्याच्या विमानांची रीघ लागली. उन्हाच्या शोधात येणाऱ्या प्रवाशांना बेटावरील सर्वांत ढगाळ जागी उतरावे लागत होते. हा विरोधाभास स्थानिक प्रशासनाला ठाऊक होता आणि बेटाच्या दक्षिणेस कोरड्या किनाऱ्यावर दुसरा विमानतळ बांधण्याची योजनाही होती; मात्र तो पूर्ण होण्यापूर्वीच पुढील घटना घडल्या.

३. धुक्याचे दोन अपघात

५ मे १९६५ रोजी माद्रिदहून आलेले इबेरिया कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन विमान कमी दृश्यमानतेत उतरण्याचा प्रयत्न करीत असताना धावपट्टीजवळील ट्रॅक्टर आणि माती खरवडण्याच्या यंत्राला धडकले. विमानातील ४९ जणांपैकी ३० मृत्युमुखी पडले. ३ डिसेंबर १९७२ रोजी म्युनिककडे निघालेले स्पँटॅक्स कंपनीचे कॉन्व्हेअर विमान जवळजवळ शून्य दृश्यमानतेत उडाले आणि क्षणार्धात कोसळले. सुटी संपवून घरी परतणाऱ्या पश्चिम जर्मन पर्यटकांसह त्यातील सर्व १५५ जण ठार झाले.

या दोन्ही घटनांत वाद उद्भवला तो वैमानिकाच्या निर्णयाविषयी. संभाषणाच्या अर्थाविषयी प्रश्न निर्माण झाला नाही. म्हणूनच त्या आज विशेषज्ञांच्या नोंदींपुरत्या उरल्या आहेत.

४. २७ मार्च १९७७

त्या रविवारी दुपारी शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळाच्या इमारतीत बाँबस्फोट झाला. कॅनरी बेटांच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या संघटनेने तो घडवला होता. दुसऱ्या बाँबच्या भीतीने तो विमानतळ बंद करण्यात आला आणि तेथे जाणारी विमाने लोस रोदेओसकडे वळवण्यात आली. त्यांत दोन बोइंग ७४७ होती : ॲम्स्टरडॅमहून आलेले के.एल.एम.चे ‘ऱ्हाइन’ आणि लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कमार्गे आलेले पॅन अमेरिकनचे ‘क्लिपर व्हिक्टर’. लहान विमानतळाचा तळ आणि टॅक्सीमार्ग उभ्या विमानांनी भरून गेला. परिणामी उड्डाणासाठी निघालेल्या विमानांना धावपट्टीवरूनच मागे चालत जाऊन तिच्या टोकाशी वळावे लागत होते. जमिनीवरील विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. मनोऱ्यात दोनच नियंत्रक होते आणि संध्याकाळ होता होता ढग खाली उतरले.

डच विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळले. अमेरिकन विमान त्याच्या मागोमाग त्याच धावपट्टीवर होते आणि त्याला डावीकडच्या तिसऱ्या फाट्याने बाहेर पडण्यास सांगण्यात आले होते. हा ‘तिसरा’ कोणता, याविषयी पुन्हा विचारणा झाली आणि नियंत्रकाने एक-दोन-तीन असे मोजून सांगितले. तिसऱ्या फाट्यावर वळण्यासाठी त्या महाकाय विमानाला जवळजवळ उलट फिरावे लागले असते. चौथा फाटा मात्र सोयीचा होता. अमेरिकन विमान तिसरा फाटा ओलांडून पुढे गेले.

दरम्यान डच सहवैमानिकाने उड्डाणोत्तर मार्गाची अनुमती मागितली. ती देताना नियंत्रकाने ‘टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा’ अशा आशयाचे शब्द वापरले. मार्गाची अनुमती म्हणजे उड्डाणाची अनुमती नव्हे. तथापि कळीचा शब्द उच्चारला गेला होता. सहवैमानिक ती अनुमती परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टन याकोब फेल्डहाउझेन व्हान झांटेन यांनी विमान सोडले. वाचनाच्या शेवटी सहवैमानिक घाईने म्हणाला, ‘वी आर नाउ ॲट टेक-ऑफ’. नियंत्रकाने याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी सज्ज आहोत’ असा घेतला आणि ‘ओके’ म्हणून, क्षणभर थांबून, थांबण्याची सूचना दिली. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमानाने आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवले. एकाच लहरीवर दोन आवाज आदळले आणि डच कक्षात ‘ओके’नंतर केवळ कर्कश शिट्टी ऐकू आली.

यानंतर डच विमानात एक प्रश्न विचारला गेला. तो परक्या भाषेत नव्हता, मातृभाषेत होता. अमेरिकन विमान धावपट्टीवरून गेलेले नाही काय, असे फ्लाइट इंजिनिअरने डचमध्ये विचारले. कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि विषय तेथेच संपला. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. डच विमानातील सर्व २४८ आणि अमेरिकन विमानातील ३९६ पैकी ३३५, असे एकूण ५८३ जण मृत्यू पावले, ६१ वाचले. एकाच अपघातातील जीवितहानीच्या दृष्टीने नागरी हवाई वाहतुकीच्या इतिहासात आजही याहून मोठी घटना नाही.

५. अहवाल आणि पाठभेद

१९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश अहवालाने मूळ कारण स्पष्ट शब्दांत सांगितले : डच कॅप्टनने अनुमतीविना उड्डाण केले. डच बाजूने जोडलेल्या टिप्पणीत परस्पर गैरसमजावर, नियंत्रकांच्या संदिग्ध शब्दांवर आणि अमेरिकन विमानाने तिसरा फाटा चुकवल्यावर भर दिला गेला. मनोऱ्यात फुटबॉल सामन्याचे प्रक्षेपण ऐकले जात असावे, असाही मुद्दा पुढे आला. अमेरिकन वैमानिकांच्या संघटनेने स्वतंत्र अभ्यास करून मानवी घटकांची चर्चा केली. एकच ध्वनिमुद्रण, एकच काही सेकंदांचा संवाद. पण त्याची तीन देशांत तीन वाचने झाली. अखेरीस डच कंपनीने जबाबदारी स्वीकारून नुकसानभरपाई दिली. अर्थाचा वाद मात्र त्यामुळे मिटला नाही.

ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीपासून पाठचिकित्सेची परंपरा सांगणाऱ्या मराठी अभ्यासकाला येथे एक ओळखीची समस्या दिसेल. सहवैमानिकाचे शब्द ‘ॲट टेक-ऑफ’ असे होते की ‘टेकिंग ऑफ’ असे, याविषयी ऐकणाऱ्यांत मतभेद राहिले. म्हणजे पाठच निश्चित नव्हता. पहिला पाठ स्वीकारला तरी अर्थ उरतो. स्टीव्हन कुशिंग यांनी ‘फेटल वर्ड्स’ (१९९४) या ग्रंथात मांडलेले स्पष्टीकरण असे की, डच भाषेत चालू असलेली क्रिया शब्दयोगी अव्ययाच्या साहाय्याने व्यक्त होते. थकव्यात आणि तणावात वक्त्याने इंग्रजी शब्द डच रचनेत घातले. बोलणाऱ्याच्या लेखी ते वाक्य क्रियेचे होते, तर ऐकणाऱ्याच्या लेखी स्थानाचे. शब्दसंग्रह एका भाषेचा आणि व्याकरण दुसऱ्या भाषेचे, ही अवस्था भाषांतराच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. बहुभाषिक भारतात तर ती नित्याचीच आहे.

तथापि सर्व दोष भाषेवर टाकणे हे सोयीस्कर सुलभीकरण ठरेल. फ्लाइट इंजिनिअरचा डचमधील प्रश्न पूर्णतः सुबोध होता. तेथे व्याकरण आड आले नाही, अधिकार आला. कॅप्टन हे कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होते आणि तिच्या जाहिरातींत त्यांचे छायाचित्र झळकत असे. कनिष्ठाची शंका ज्येष्ठाच्या एका होकाराने मिटते, ही घटना भाषाशास्त्राची नव्हे, समाजशास्त्राची आहे.

६. १९८० : एका अक्षराचे अंतर

नोव्हेंबर १९७८ मध्ये दक्षिणेचा नवा विमानतळ सुरू झाला. तरीही काही भाड्याची विमाने जुन्या विमानतळावर येत राहिली. २५ एप्रिल १९८० रोजी मँचेस्टरहून आलेल्या डॅन-एअरच्या बोइंग ७२७ ला नियंत्रकाने आकाशात घिरट्या घालत थांबण्यास सांगितले, कारण पुढे एक संथ विमान उतरत होते. हा प्रतीक्षामार्ग नकाशात प्रसिद्ध झालेला नव्हता. सूचनेत ‘टर्न’ हा शब्द एकवचनात उच्चारला गेला. प्रत्येक फेरीत डावीकडे वळत राहा, असे सांगायचे असल्यास इंग्रजीत तो अनेकवचनी ‘टर्न्स’ व्हायला हवा होता. ब्रिटिश वैमानिकांनी ती एकदाच डावीकडे वळण्याची आज्ञा समजून वळण घेतले आणि विमान उंच भूभागाच्या दिशेने गेले. धोक्याचा इशारा वाजल्यावर ते उजवीकडे वळवण्यात आले; ढगात न दिसणाऱ्या ला एस्पेरान्साच्या डोंगरावर ते आदळले. १४६ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

स्पॅनिश अहवालाने वैमानिकांच्या उंचीविषयक दुर्लक्षाकडे बोट दाखवले, तर ब्रिटिश पुरवणीने सूचनेची संदिग्धता आणि त्या मार्गासाठी गृहीत धरलेल्या उंचीतील उणीव पुढे आणली. १९७७ मध्ये परक्या भाषेत बोलणाऱ्याची चूक झाली होती. १९८० मध्ये ती भाषा ज्यांची मातृभाषा होती त्यांनी ऐकलेले शब्द अक्षरशः पाळले. भाषेवरील प्रभुत्वानेही संरक्षण मिळाले नाही. किंबहुना वचनातील सूक्ष्म भेदावर विसंबण्याची सवयच त्यांना घातक ठरली.

७. शब्दांची शिस्त

या अपघातांनंतर हवाई संभाषणाच्या भाषेची पुनर्रचना झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द केवळ उड्डाणाची प्रत्यक्ष अनुमती देताना वा रद्द करतानाच उच्चारायचा. अन्य सर्व प्रसंगी ‘डिपार्चर’ म्हणायचे. नुसता ‘ओके’ पुरेसा मानायचा नाही, महत्त्वाच्या सूचना शब्दशः परत वाचायच्या. समानार्थी शब्दांची रेलचेल हे साहित्याचे वैभव मानले जाते. येथे एका शब्दाला एकच अर्थ ठेवण्यासाठी त्याचा वापरच निषिद्ध करण्यात आला. दुसरीकडे, कनिष्ठाने शंका बोलून दाखवावी आणि ज्येष्ठाने ती ऐकावी, यासाठी वैमानिक-चमूंच्या प्रशिक्षणाची नवी पद्धत १९७९ नंतर अमेरिकेत आकाराला आली व जगभर पसरली.

हे धडे सर्वत्र वेळेवर पोहोचले असे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्यू पावले. न्या. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरल्याचे निष्पन्न झाले आणि त्या चमूच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाचीही चर्चा झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषिक पात्रतेचे निकष २००३ मध्ये स्वीकारले आणि ते २००८ पासून लागू झाले. तेनेरिफेपासून मोजल्यास मध्ये तीन दशके गेली होती.

८. समारोप

‘ॲक्सिडंट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पडणे’ ही क्रिया आहे. डचमधील ‘ओंगेवाल’ या शब्दातही पडणेच आहे. वरून काहीतरी कोसळते, कर्ता नसतो. मराठीतील ‘अपघात’ संस्कृत ‘हन्’ धातूकडे, म्हणजे आघात करण्याकडे जातो आणि ‘घातपात’ या शब्दाचा शेजारी ठरतो. लोस रोदेओसच्या इतिहासाला मराठी शब्द अधिक जवळचा वाटतो. १९७७ च्या त्या दिवसाची सुरुवात घातपाताने झाली आणि शेवट अपघाताने. परंतु दोहोंमध्ये कर्ते होते. बाँब ठेवणारे, घाई करणारे, संदिग्ध बोलणारे आणि शंका येऊनही गप्प बसणारे असे अनेक.

२००७ मध्ये, तीस वर्षांनंतर, ला लागुनाजवळील मेसा मोता टेकडीवर डच शिल्पकार रूडी व्हान दे विंट यांनी घडवलेले स्मारक उभे राहिले. ते वर चढत जाणाऱ्या आणि मध्येच संपणाऱ्या नागमोडी जिन्याच्या रूपातले आहे. तेथे त्या घटनेशी संबंधित देशांतील कुटुंबे प्रथमच आपापली वेगळी अहवाल-वाचने बाजूला ठेवून एकत्र आली. विमानतळ आजही वापरात आहे, २००२ पासून नव्या इमारतीसह. आणि ढग पूर्वीप्रमाणेच पठारावरून सरकत असतात. त्यांना आवर घालता येत नाही. शब्दांना घालता येतो, आणि एकंदरीत पाहता या चार अपघातांच्या इतिहासाने मागे ठेवलेली टिकाऊ गोष्ट तीच आहे.