ल्यूसर्न : रिगीच्या वाटेवरचा धक्का

रॉइस नदी सरोवरातून जिथे बाहेर पडते, तिथे स्वित्झर्लंडमधले ल्यूसर्न शहर वसले आहे. गॉटहार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारा माल आणि प्रवासी शतकानुशतके इथूनच नावेत चढत. याला कारण होती इथली भूरचना. सरोवराच्या आग्नेय फाट्यावर, ब्रुनेन आणि फ्ल्युएलेन या गावांमध्ये, कडे थेट पाण्यात उतरतात. १८६५ मध्ये आक्सेनस्ट्रास हा रस्ता खुला होईपर्यंत त्या काठाने गाडी जात नसे. म्हणून सरोवर हाच रस्ता होता आणि ल्यूसर्न त्याचे नाके.

पर्यटक याच वाटेने आले, मात्र त्यांना खिंड नको होती, शिखर हवे होते. १,७९८ मीटर उंचीच्या रिगीवर, कुल्म माथ्याशी, १८१६ मध्ये पहिली पांथशाळा उभी राहिली. सूर्योदय पाहायचा तर रात्री वरच मुक्काम करावा लागे. काठावरच्या वेग्गिस गावातून चढाई सुरू होई. ज्यांना चालवत नसे ते घोड्यावर बसत किंवा खुर्चीत बसून हमालांच्या खांद्यावरून जात. या हमालांच्या श्रमांवरच रिगीची पहिली कीर्ती उभी राहिली, हे विसरता येत नाही. १८३७ मध्ये सरोवरात ‘श्टाट लुत्सेर्न’ ही वाफेची बोट आली. इंग्रज चित्रकार टर्नरने १८४० च्या दशकात रिगीची जलरंगचित्रे काढली, १८६३ मध्ये सहली नेणाऱ्या टॉमस कुकने इंग्लंडहून पहिली सहल आणली आणि १८६८ च्या उन्हाळ्यात राणी व्हिक्टोरिया ल्यूसर्नला राहून गेली.

शहरानेही आपले तोंड पाण्याकडे वळवले. काठालगतचा जुना लाकडी होफ पूल टप्प्याटप्प्याने काढून तिथे फिरण्याचा धक्का बांधला गेला आणि १८४५ मध्ये श्वाइत्सरहोफ हॉटेल उघडले. एका जुन्या वास्तूचा हा बळीच होता. सुदैवाने चौदाव्या शतकातला कापेल पूल राहिला. तो १९९३ च्या आगीत बराचसा जळाला, पण पुढच्याच वर्षी पुन्हा उभारला गेला.

२१ मे १८७१ रोजी निक्लाउस रिगेनबाख यांची दातेरी रुळांची रेल्वे सरोवरकाठच्या व्हिट्झनाउहून रिगीवर चढली. डोंगर चढणारी युरोपातली ही पहिलीच रेल्वे. परवाना ल्यूसर्न कँटनचा (प्रांताचा) असल्याने ती आधी त्याच्या सीमेवरच थांबे. १८७३ मध्ये मार्ग शेजारच्या श्वित्स कँटनच्या हद्दीतून कुल्मपर्यंत पोहोचला. १८८९ मध्ये पिलाटुस डोंगरावर ४८ टक्के चढाची रेल्वे झाली. दातेरी रेल्वेत ती आजही जगात सर्वांत तीव्र चढाची आहे. हमाल आणि घोड्यांचे दिवस संपले.

आज भारतातून येणाऱ्या सहली टिटलिस शिखराकडे जाताना ल्यूसर्नला जेमतेम काही तास देतात. ज्यांना सवड आहे त्यांनी रिगीला बोटीने जावे. १९०१ ते १९२८ या काळात बांधलेल्या वल्हेचाकांच्या पाच आगबोटी अजून सरोवरात चालतात आणि व्हिट्झनाउला बोटीतून उतरताच रिगीची गाडी समोर मिळते.